रिटायर होऊन घरी आले, पण घरात रुळेनात

या महिन्यातली पत्रं आणि मेसेज वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात आली, निम्म्याहून जास्त प्रश्न फौजेतून पेन्शन आलेल्या माणसांचे नाहीतर त्यांच्या घरच्यांचे आहेत. नाशिकमध्ये हे व्हायचंच म्हणा, एकीकडे देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी, दुसरीकडे नाशिकरोडचं आर्टिलरी सेंटर, आणि सिन्नर, निफाड, दिंडोरी, येवल्याच्या गावागावातून भरतीला पळणारी पोरं, त्यामुळे ज्या गल्लीत एकही फौजी नाही अशी गल्ली शोधायला वेळ लागेल. म्हणून यावेळी सगळं सदर याच विषयाला दिलंय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल जे लिहीन ते डॉक्टरांशी काय बोलायचं एवढ्यापुरतंच धरा. पहिला प्रश्न विचारणाऱ्या भावाशी मी फोनवर आधीच बोललेय, पण हीच वेळ आणखी कुणाच्या घरात आली असेल तर त्यांना थांबायला नको म्हणून तो सगळ्यात वर घेतला.

प्रश्न : माझा मोठा भाऊ नायक म्हणून रिटायर झाला. आल्यावर फंडाचे पैसे द्राक्षबागेत घातले, अवकाळीने माल गेला, आता वर कर्ज आहे. आठ-दहा दिवस झाले खोलीतून बाहेर येत नाही, धड जेवत नाही, सुट्टीवर आला तरी रोज दाढी करणारा माणूस, आता दाढी पण करत नाही. परवा आईला म्हणाला माझ्यामागं पोरांकडं लक्ष द्या. आई म्हणते तू तो विषयच काढू नको, त्याच्या डोक्यात नसंल तर यायचं. काय करू? – धाकटा भाऊ, दिंडोरी तालुका

उत्तर : दादा, आईची भीती समजते पण हे उलटं आहे, विचारल्यामुळे असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी सरळ विचारलं की माणसाला मोकळं व्हायला जागा मिळते. त्याच्या शेजारी बसा आणि स्पष्ट विचारा, दादा, जीव द्यायचा विचार येतोय का. आडून आडून नको. तो हो म्हणाला तर घाबरून लगेच समजावायला लागू नका, पोरांचा विचार कर, बायकोचा विचार कर, फौजी असून असं बोलतोस, यातलं एकही वाक्य नको, कारण तो आधीच स्वतःला हेच सुनावत बसलाय. ऐकून घ्या, आणि आपण दोघं मिळून आजच डॉक्टरकडे जाऊ एवढंच म्हणा.

त्याला एकटं ठेवू नका, रात्री त्याच्याच खोलीत झोपा. आणि बागायतदाराच्या घरात जी गोष्ट हाताशी असते ती म्हणजे फवारणीची औषधं, ती आत्ताच्या आत्ता उचलून दुसऱ्या घरी कुलपात ठेवा, उद्या नको, बागेला फवारणी चुकली तरी चालेल. जीव द्यायची ती तीव्र लाट बऱ्याचदा काही वेळाने ओसरते, तेवढ्या वेळात हाताशी साधन नसलं तर माणूस वाचतो, म्हणून हे काम पहिलं. १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. त्याने काही करून घेतलं किंवा करायच्या बेतात आहे असं वाटलं तर सरळ ११२, नाहीतर गाडीत घालून जवळचं हॉस्पिटल. ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचा, मेंबर असेल तर इमर्जन्सीत आधी रेफरल (त्यांच्या पॉलिक्लिनिकची चिठ्ठी) लागत नाही, जवळ असेल त्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. पोलीस केस होईल म्हणून लपवत बसू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

कर्जाचं नंतर बोला. ते सुटतं, हप्ते पाडून मिळतात, बँकेत तुम्ही सोबत जा. पण त्याची झोप आणि जेवण जागेवर येईपर्यंत त्याच्यासमोर आकडेमोड नको.

प्रश्न : नमस्कार ताई. मिस्टर तोफखान्यातून हवालदार रिटायर झाले, गेल्या वर्षी. गावाने केवढी मिरवणूक काढली, उघडी जीप, फेटा, डीजे, मी पण नाचले. आता वर्ष झालं आणि मला घरात श्वास घेता येत नाही. पहाटे पाचला सगळ्यांना उठवतात, चपला रांगेत नाहीत म्हणून ओरडतात, सासूबाईंना सुद्धा जेवणाच्या वेळेवरून बोलतात, मी इतकी वर्षं एकटीने घर चालवलं, घर बांधलं, आता किराण्याची यादी पण तपासतात. टीव्ही एवढ्या मोठ्याने लावतात की शेजारी येऊन सांगतात. काही बोललं की म्हणतात काय पुटपुटतेस. मुलगी दहावीला आहे, ते घरात असले की खोलीतून बाहेर येत नाही. सासरे म्हणतात मिलिटरी माणूस आहे, असाच असायचा. ह्यांना मानसिक आजार आहे का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातून मला आजार दिसत नाही, पण "मिलिटरी माणूस असाच असायचा" हेही मला पटत नाही, कारण ते एकदा म्हटलं की घरात कुणी काही करायचं कारणच उरत नाही.

आधी कानाचं बघा. टीव्ही मोठा, आणि तुम्ही पुटपुटता अशी तक्रार, आणि माणूस तोफखान्यातला. तोफेच्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या गनरांचे कान जातात, आणि पहिल्यांदा जातात ते बारीक, चढे आवाज, म्हणजे नेमकं बायकांचं आणि मुलांचं बोलणं अस्पष्ट होतं, स, फ, थ असली अक्षरं गळतात, आवाज येतो पण शब्द लागत नाही. त्या माणसाला खरंच वाटतं की सगळे तोंडातल्या तोंडात बोलतायत, माझ्यापासून लपवतायत. कित्येकांना कानात सतत शिटी वाजल्यासारखं पण होतं, रात्री शांततेत ते जास्त वाढतं, मग झोप नाही, मग दिवसभर चिडचिड. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या, किती ऐकू येतं ते बघायची छोटी तपासणी आहे, दुखत नाही, आणि जो माणूस मानसोपचाराचं नाव काढलं तर दार आपटेल तो कान तपासायला सहज येतो. मशीन लागलं तर ईसीएचएसमधून मिळायची सोय आहे. मी हे इतकं लांबवून सांगतेय कारण नाशिकमधल्या गनरांच्या घरात हा प्रश्न मला सारखा दिसतो आणि घरचे तो कायम स्वभावाच्या खात्यात टाकतात.

आता बाकीचं. तुमच्या मिस्टरांची जवळजवळ सगळी उमर अशा ठिकाणी गेली जिथे उठायची वेळ, जेवायची वेळ, कपडे, बूट, कुणी कुणाला काय बोलायचं, सगळं ठरलेलं. हाताखाली पोरं होती, त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते एका दिवसात गेलं, आणि घरी आले तर इथे सगळं त्यांच्याशिवाय व्यवस्थित चालू होतं. तुम्ही चालवत होतात. कौतुकाचीच गोष्ट आहे, पण त्यांच्या बाजूने बघा, सुट्टीवर येणाऱ्या माणसासाठी घरात पाहुण्यासारखी जागा होती, कायमच्या आलेल्या माणसासाठी जागाच नाही. मग तो चपलांवर हुकूम चालवतो, कारण तेवढंच त्याला येतं आणि तेवढंच त्याच्या हातात आहे.

त्यांच्याशी बोला, पण भांडण चालू असताना नाही आणि मुलीसमोर तर नाहीच. सकाळी चालायला जात असतील तर सोबत जा, चालताना बोलणं सोपं जातं, नजरेला नजर द्यावी लागत नाही. तुम्ही आलात ते मला हवंय पण मी इतकी वर्षं जे सांभाळलं ते तपासल्यासारखं झालं की मला लागतं, असं स्वतःबद्दल सांगा. आणि घरातली एक-दोन कामं पूर्णपणे त्यांच्याकडे द्या, नुसती मदत म्हणून नाही, पूर्ण. बँकेची कामं, घराची दुरुस्ती, सासऱ्यांचा दवाखाना, जे असेल ते, आणि मग त्यात तुम्ही बोलायचं नाही, त्यांनी किराण्यात बोलायचं नाही. मुलीला त्यांनी उठवायचं नाही हे मात्र ठरवूनच घ्या. दहावीच्या मुलीला सात-आठ तास झोप लागते आणि बापाशी तिचं नातं पहाटे पाचच्या हाकेने जुळणार नाही, तिला क्लासला सोडणं आणि आणणं हे त्यांच्याकडे द्या, गाडीवर दोघंच असतात, बोलतील नाहीतर गप्प बसतील, दोन्ही चांगलं.

एक गोष्ट पत्रात नाही पण विचारते. हात उचलतात का? मुलीवर, तुमच्यावर? उचलत असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवा. त्याला कुठलीच सर्व्हिस कारण होत नाही. महिला हेल्पलाइन १८१ आहे, आणि घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा फौजीच्या बायकोलाही तेवढाच लागू आहे. आणि हात उचलत नसतील, पण दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर दोघं मिळून समुपदेशनाला या, "तुम्हाला न्यायचंय" असं न म्हणता "आपल्याला जायचंय" म्हणा.

प्रश्न : मी आरआरमध्ये (राष्ट्रीय रायफल्स) काश्मीरला होतो. तिथं जे झालं ते लिहीत नाही. आता बँकेत गनमनची ड्युटी करतो, रात्री झोप नाही. रस्त्यावर बेवारस पिशवी दिसली की गाडी लांबून घेतो, हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसतो, द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की घाम फुटतो. स्वप्न पडतं, एकच. झोपायला रोज क्वार्टर लागते, आता क्वार्टरनं पण भागत नाही. बायकोला यातलं काही माहीत नाही. माझ्यापेक्षा जास्त बघितलेले साथी मजेत आहेत, मीच कच्चा निघालो का? – माजी सैनिक, नाशिकरोड

उत्तर : साहेब, तुम्ही लिहिलंत हेच मोठं काम केलंत, आणि काय झालं ते लिहिलं नाहीत तेही बरोबर, ते कुणाला आणि कधी सांगायचं हे तुमच्या हातात राहिलं पाहिजे.

तुम्ही कच्चे नाही. तिथे बेवारस पिशवीकडे संशयाने बघणं, पाठ भिंतीला ठेवणं, गर्दीत अडकून न पडणं, यानेच तुम्ही आणि तुमचे साथी जिवंत राहिलात. शरीर ते शिकलं आणि इथे आल्यावर धोका संपलाय हे त्याला कुणी सांगितलंच नाही. याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे मोठ्या आघातानंतर राहणारा ताणाचा आजार, १९८० पासून हे निदान मानसोपचाराच्या पुस्तकात आहे, आणि वाईट आठवण घुसत राहणं, त्या आठवणीच्या वाटेला न जाणं, मन बधिर नाहीतर दोषी वाटणं, आणि कायम सावध असणं, हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं आणि त्याने रोजचं जगणं अडायला लागलं तर डॉक्टर तसं म्हणतात. तुम्हाला तेच आहे असं मी पत्रावरून सांगू शकत नाही, पण तपासून घ्यायला हवं एवढं नक्की. साथी मजेत आहेत म्हणता, त्यांना तुम्ही पण मजेतच दिसत असणार ना? तुमच्या बायकोला सुद्धा माहीत नाही तिथे त्यांना काय दिसणार. एकाच प्रसंगातून गेलेल्या दोन माणसांवर वेगवेगळा परिणाम होतो, त्याचा हिमतीशी संबंध नाही.

यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. एक बोलण्याचा, ज्यात तयार झालेला मानसशास्त्रज्ञ त्या आठवणीकडे तुम्हाला हळूहळू, तुमच्या वेगाने परत नेतो, टाळून टाळून तिची जी ताकद वाढलीय ती कमी होते, ईएमडीआर नावाची पद्धत पण याच कामाची आहे. दुसरा गोळ्यांचा, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन अशी औषधं डॉक्टर देतात, पण ती डोकेदुखीच्या गोळीसारखी लगेच लागू होत नाहीत, काही आठवडे जातात, त्यामुळे चार दिवस घेऊन काही फरक नाही म्हणून सोडू नका. मेडिकलवरून परस्पर झोपेच्या गोळ्या मात्र आणू नका, सवय लागते आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीवावर बेततं.

दारूबद्दल मी शिव्या देणार नाही. ती तुम्ही औषध म्हणून घेताय हे कळतं. पण दारूने येते ती गुंगी, रात्रीच्या उत्तरार्धात ती उतरते तेव्हा झोप मोडते आणि स्वप्नं जास्त जोरात येतात, म्हणजे ज्या स्वप्नासाठी पिताय तेच ती वाढवते. आता एक फार महत्त्वाचं, रोज प्यायची सवय असेल तर आजपासून बंद म्हणून एकदम तोडू नका. हात थरथरणं, घाम, फिट येणं, भ्रम होणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतं आणि त्यात माणूस दगावतो सुद्धा. डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा, ते औषध देऊन सुरक्षित सोडवतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, आणि नाशिकमध्ये एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग होतात, तिथे फुकट बसता येतं, नाव सांगावं लागत नाही.

आणि बंदूक. लायसनची असेल आणि रात्री घरी येत असेल, तर काही दिवस ती घरात नको. पोलीस स्टेशनला किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करता येते, निवडणुकीत करतात तशीच, कारण सांगायची लाज वाटत असेल तर बाहेरगावी जातोय म्हणा. शक्य असेल तर काही महिने ड्युटीच बदलून घ्या, बिनहत्याराची आणि दिवसाची, कारण दिवस-रात्र उलटी असताना झोप दुरुस्त होणं फार अवघड असतं, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत सुपरवायझरची दिवसपाळी असते, पगार हजार-दोन हजार कमी पडला तरी घ्या. जीव द्यायचा विचार येत असेल तर वर दिंडोरीच्या भावाला दिलेला १४४१६ नंबर आजच लावा.

बायकोला सगळं सांगायची गरज नाही. मला तिथलं काही आठवत राहतं, झोप लागत नाही, मी डॉक्टरकडे जाणार आहे, तू चल, एवढी तीन वाक्यं पुरतात. तिला काहीतरी आहे हे केव्हाच कळलंय, फक्त ते तिच्यामुळे आहे असं ती समजत असेल.

प्रश्न : सायकियाट्रिस्टकडे गेलो तर पेन्शन बंद होते का? गावात कळतं का? ईसीएचएसमध्ये चालतं का? – देवळाली कॅम्प

उत्तर : पेन्शन बंद होत नाही. ती तुमच्या झालेल्या सर्व्हिसची आहे, आज कुठल्या डॉक्टरकडे जाता याच्याशी तिचा काही संबंध नाही, फक्त स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, वर्षातून एकदा हयातीचा दाखला वेळेवर भरत जा, तो राहिला तर मात्र खरंच अडकते. गावात कळायचं कारण नाही, २०१७ चा कायदा उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क देतो. ईसीएचएसमध्ये मानसोपचार आहे, बायकोलाही आहे, देवळालीच्या पॉलिक्लिनिकमध्ये मेडिकल ऑफिसरला "झोप लागत नाही" म्हटलं तरी पुरे, ते पुढे रेफर करतात. तिथे ओळखीचे भेटतात म्हणून नको वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आहे, आणि घरातून निघायचंच नसेल तर १४४१६. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, १ डिसेंबर २०२३ पासून फौजेतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी टेलीमानसचा वेगळा सेल आहे, तिथल्या लोकांना पोस्टिंग म्हणजे काय, युनिट म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही. त्रास सर्व्हिसमध्येच सुरू झाला होता आणि त्याचे मेडिकल कागद असतील तर ते फेकू नका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा, डिसॅबिलिटीचं काही होतं का ते तिथे विचारता येतं.

प्रश्न : मी लढाई बघितलेली नाही. सगळी सर्व्हिस स्टोअर आणि क्लार्कच्या कामात गेली. तरी रिटायर झाल्यापासून मन लागत नाही. शेती भावानं सांभाळली, त्याला मी नकोच आहे. तहसीलला रांगेत उभा राहिलो तर पोरगा म्हणतो काका मागं व्हा. दिवसभर युनिटच्या ग्रुपवर मेसेज बघत बसतो. ज्यानं काही सोसलंच नाही त्याला त्रास व्हायचा काय हक्क? – निफाड

उत्तर : हक्क वगैरे काही नसतं हो दादा. आपल्याच देवळालीचं सांगते. इंग्रजांच्या काळात तिथे ट्रान्झिट कॅम्प होता, नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या सोल्जरना मायदेशी जायचं जहाज मिळेपर्यंत तिथे थांबवून ठेवायचे, जहाजं हिवाळ्याच्याच महिन्यांत जायची, त्यामुळे कित्येकांना महिनोन्महिने थांबावं लागायचं. ना ड्युटी, ना लढाई, नुसतं ऊन आणि रिकामा दिवस, आणि त्या रिकामपणात अनेकांची डोकी फिरली, दारू, मारामाऱ्या, वेडेपणा यासाठी तो कॅम्प बदनाम झाला. गोळीने नाही, मधल्या काळाने.

तुमचं जे गेलंय ते खरंच मोठं आहे. सोबतची माणसं गेली, हुद्दा गेला, आणि सकाळी उठून कुठेतरी जायचं कारण गेलं, तेही चाळीशी-पंचेचाळिशीत, जेव्हा बाकीचे लोक नोकरीत जोरात असतात. त्याचं दुःख होणारच आणि त्याला वेळ लागतो. पण दोन आठवड्यांहून जास्त जवळजवळ रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलीय असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, तेव्हा दाखवा.

ग्रुप बंद करू नका, पण त्यातल्या नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्या चार जणांना शोधा आणि प्रत्यक्ष भेटा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. भावाशी वाटणीचं बोलणं सध्या काढू नका, आधी एक हंगाम त्याच्या हाताखाली काम करा, हो, हाताखालीच, कांद्याचं त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि तुम्ही हिशेब-कागदांची कामं त्याच्यापेक्षा चांगली कराल. क्लार्क होतात ना, मग गावातल्या वीरपत्नी, म्हातारे पेन्शनर यांचे स्पर्शचे फॉर्म कोण भरतं ते बघा. बहुतेक वेळा सायबर कॅफेवाला भरतो, पैसे घेऊन आणि चुका करून. तुमच्या तालुक्याला तुमच्यासारख्या माणसाची खरंच गरज आहे. आणि ग्रॅच्युइटी, फंडाचे पैसे वर्षभर तरी एफडीत पडू द्या, रिटायर फौजी दिसला की प्लॉटवाले आणि दामदुप्पटवाले दारात येतात, मन जागेवर नसताना एवढे मोठे निर्णय घेऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा अग्निवीर आहे. चार वर्षं संपत आली की परत यावं लागेल बहुतेक. आत्तापासूनच लोक विचारतात, घेतला नाही तर काय करणार. तो फोनवर हसून बोलतो पण मला धाकधूक आहे. – एक आई, येवला

उत्तर : ताई, २०२२ च्या अग्निपथ योजनेत २५ टक्क्यांपर्यंतच पोरं पुढे ठेवतात, म्हणजे परत येणं हा त्या पोरांचा पराभव नाही, योजनाच तशी आखलीय. पहिल्या बॅचची चार वर्षं २०२६ अखेर आणि २०२७ च्या सुरुवातीला संपतात, त्यामुळे तुमच्यासारख्या खूप घरांत ही धाकधूक असणार, आणि मला या पोरांची मोठ्या सैनिकांपेक्षा जास्त काळजी वाटते, कारण पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, आणि गाव बाविशी-तेविशीच्या पोराला परत पाठवला म्हणायला मोकळं. हा शब्द तुमच्या घरात कुणाच्या तोंडून निघू देऊ नका. लोकांना सांगा, चार वर्षं पूर्ण करून येतोय.

फोनवर आता हळूहळू विचारा, नाही ठेवलं तर तुला काय करावंसं वाटतं. एकदाच, सहज, आणि तो हसण्यावारी नेईल तर नेऊ दे, दार उघडं आहे हे त्याला कळलं. दहावीवर गेला असेल तर एनआयओएस या सरकारी मुक्त शाळेकडून बारावीचं सर्टिफिकेट मिळायची सोय अग्निवीरांना आहे, इग्नूचा डिग्रीचा कोर्सही आहे, त्याने ते तिथे असतानाच सुरू केलंय का बघा. शेवटी साधारण पावणेबारा लाख हातात येतील, त्यावर घरातल्या कुणी डोळा ठेवू नये, बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, नवी गाडी, यातलं काही आधी ठरवून ठेवू नका. आणि आल्या आल्या लग्नाचं बघायला लागू नका, निदान सहा महिने. त्याला झोपू दे, मित्रांत जाऊ दे, भरतीच्या नाहीतर नोकरीच्या परीक्षा द्यायच्या तर देऊ दे. टेलीमानसचा नंबर त्यालाही चालतो, त्यासाठी कुठलं कार्ड लागत नाही, तो आला की त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.